घोडा, गोम आणि लिलाव

मंडळी, घोडा विकायचा असेल तर जाहिरातीत काय लिहाल?

हसू नका. ओमानमध्ये हा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. इथे घोडा पाळणं ही निव्वळ श्रीमंतांची चैन नाही. शेतावर दोन-तीन घोडे बाळगून असलेली साधी माणसंही भेटतात, आणि बरका गावाजवळच्या रहबा मैदानावर शर्यती असल्या की मुलाबाळांसकट गर्दी होते. घोड्यांची विक्रीही चालते. विकणाऱ्याने दिलेला मजकूर वाचला तर गंमत वाटते. आपण गाडी विकताना किती किलोमीटर चालली, टायर कसे आहेत, हे आधी सांगतो. इथे आधी बापाचं नाव, मग आईचं, मग आजोबांचं. रंग आणि उंची त्यानंतर. स्वभाव कसा आहे ते शेवटी, आणि किंमत बहुतेक वेळा नाहीच. फोन करा!

हा मजकूर असा का, याचा विचार करताना लक्षात आलं की याला निदान हजार वर्षांची परंपरा आहे, आणि त्या परंपरेत गिऱ्हाईक म्हणून आपण, म्हणजे दख्खनची माणसं, पहिल्या रांगेत बसलेलो आहोत. तर ती गोष्ट आज सांगतो.

राजा सुलेमानचा घोडा

पहिली जाहिरात म्हणजे एक गोष्ट आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला इब्न अल-कल्बी नावाचा अरब विद्वान होता. त्याने घोड्यांच्या वंशावळीवर एक पुस्तक लिहिलं. माणसांच्या नव्हे, घोड्यांच्या! त्यात तो सांगतो की ओमानमधल्या अज्द जमातीचे काही लोक राजा सुलेमानच्या भेटीला गेले. परतीच्या वाटेसाठी त्यांनी शिधा मागितला. राजाने धान्याऐवजी त्यांना आपल्या पागेतला एक घोडा दिला आणि सांगितलं, मुक्काम पडला की एकाने यावर बसून शिकारीला जायचं, चूल पेटेपर्यंत तो शिकार घेऊन येईल. तसंच झालं. त्या घोड्याचं नाव पडलं 'जाद अर-राकिब', म्हणजे स्वाराची शिदोरी. अरबांचे पुढचे नामांकित घोडे याच्याच वंशातले, असं ही परंपरा मानते.

इतिहास म्हणून याला कोणी पुरावा मागू नये. पण विक्रेत्याच्या नजरेने पाहा. एका गोष्टीत तीन गोष्टी साधल्या: घोडा राजाच्या पागेतला आहे, तो वेगवान आहे हे परीक्षेत सिद्ध झालेलं आहे, आणि तो ओमानच्या माणसांकडे आहे. आजचा एखादा जाहिरातवाला याहून जास्त काय लिहील?

याच धाटणीने पुढे घराणी आली. कुहैलान, सक्लावी, उबय्यान, हमदानी, हदबान अशी पाच मूळ घराणी सांगतात (याद्या थोड्याफार बदलतात). घराणं आईकडून मोजायचं, हे विशेष. आणि घोडी सहसा विकायची नाही! परदेशी जायचे ते प्रामुख्याने नर. म्हणजे गिऱ्हाईकाला घोडा मिळायचा, पण घोड्याचा कारखाना मिळायचा नाही. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा यावंच लागे.

कल्हात

मस्कतहून सूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सूरच्या वीसेक किलोमीटर अलीकडे, समुद्राकाठी एक उजाड पठार लागतं. त्यावर घुमट कोसळलेली एक चौकोनी इमारत उभी आहे, बीबी मरियमची कबर. आजूबाजूला दगडांचे ढीग. हे कल्हात. होर्मुझच्या राज्याचं हे दुसरं मोठं ठाणं. हुर्मुझच्या अमिराची बायको बीबी मरियम हिने नवऱ्यामागे इथला कारभार पाहिला असं सांगतात. २०१८ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाच्या यादीत घातलं.

इथे गवताची काडी उगवत नाही, मग घोडे कुठले? ते आतल्या मुलखातून यायचे. कल्हात हे निव्वळ चढवण्या-उतरवण्याचं बंदर होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहिलं आहे की इथून भारतात पुष्कळ उत्तम घोडे जातात आणि व्यापाऱ्यांना त्यात भरपूर फायदा होतो. पुढे १३३०च्या सुमारास इब्न बतूता आला. दक्षिणेकडच्या झफारबद्दल (आजचा धोफार) त्याने लिहिलं की इथून जातिवंत घोडे भारतात जातात आणि वारा चांगला असेल तर महिन्याभरात पोचतात. तिथली जनावरं सार्डीन मासळीवर पोसतात, हेही त्याने टिपून ठेवलं आहे. तारली खाणारी गुरं! आमच्या कोकणातल्या मित्रांना हे वाचून बरं वाटेल.

घोडे जायचे कुठे? खंबायत, ठाणे, चौल, दाभोळ, गोवा, भटकळ, थेट तमिळ किनाऱ्यापर्यंत. इराणी इतिहासकार वस्साफ सांगतो की तमिळ किनाऱ्यावरच्या पांड्य राज्यात आणि आसपासच्या बंदरांत दरवर्षी दहा हजार घोडे जात, आणि एका घोड्याची किंमत २२० सोन्याचे दिनार धरलेली होती. आकडा फुगवलेला असू शकेल, पण व्यापार मोठा होता यात शंका नाही.

भोवरे पाहून घेणारं गिऱ्हाईक

आता आपल्या बाजूला या. विकणारा वंशावळ सांगतो आहे आणि घेणारा बघतो आहे... भोवरे! घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत यावरून तो शुभ की अशुभ हे आपल्याकडे ठरायचं. गळ्यावरचा 'देवमण' असला की मालकाचं भाग्य उघडलं. चार पाय आणि तोंड पांढरं असलं की 'पंचकल्याणी', आणि भाव वर. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यातही घोड्यांच्या जाती आणि लक्षणांची चर्चा आहे.

आणि मराठी भाषेत राहून गेलेली ती 'गोम'. 'सगळं ठीक आहे, पण त्यात एक गोम आहे' असं आपण म्हणतो. जुन्या शब्दकोशांत गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरची केसांची अशुभ ओळ, असाही अर्थ दिलेला आहे. म्हणजे सौदा मोडणारी गोष्ट. विक्रेत्याने कितीही वाखाणणी केली तरी घेणारा हात फिरवून गोम शोधणारच.

भाषेची देवघेव उलट्या बाजूनेही झाली. हेमचंद्राने बाराव्या शतकात गुजरातेत लिहिलेल्या संस्कृत कोशात घोड्यांच्या रंगांची नावं आहेत: खोंगाह, सेराह, वोल्लाह, वोरुखान... हे शब्द संस्कृत वाटतात का? ते परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडचे आहेत असं अभ्यासकांचं मत आहे. हेमचंद्राने मात्र बिचाऱ्याने त्यांच्या संस्कृत व्युत्पत्तीही देऊन टाकल्या. विक्रेत्याचा शब्द गिऱ्हाईकाच्या शास्त्रात जाऊन बसला, याहून यशस्वी जाहिरात कोणती?

शेपटीची हमी

पण गोष्टी आणि शब्द यांनी समुद्र ओलांडता येत नाही. जहाजात महिना-महिना उभा असलेला घोडा मरायचा. पाणी कमी पडलं, वादळ आलं, आजार पसरला, की संपलं. हा धोका कोणी घ्यायचा? व्यापाऱ्याने घेतला तर तो घोडे आणणारच नाही.

याचं उत्तर विजयनगरच्या साळुव नरसिंहाने दिलं. पंधराव्या शतकाच्या अखेरचा हा राजा. फर्नाव नुनिझ नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की नरसिंह होर्मुझ आणि एडनहून घोडे आणवायचा, हजार पारदावांना तीन या भावाने, मेलेले असोत की जिवंत! समुद्रात मेलेल्या घोड्याची फक्त शेपटी आणून दाखवायची, राजा पूर्ण पैसे मोजायचा. अशीच काहीशी पद्धत वस्साफनेही दोनशे वर्षं आधीच्या पांड्य राज्याबद्दल सांगितली आहे.

मी इंजिनियर माणूस, कंत्राटांशी रोजचा संबंध. माल बंदरात पोचेपर्यंतची जोखीम कोणाची, या एका कलमावर आम्ही महिनोनमहिने पत्रव्यवहार करतो. इथे ते कलम एका शेपटीत मावलं आहे. आणि विचार करा, ही बातमी कल्हात, होर्मुझ, एडनच्या धक्क्यांवर कशी पसरली असेल! नरसिंहाला दवंडी पिटायची गरज नव्हती. पैसे घेऊन परतलेला प्रत्येक खलाशी त्याची जाहिरात होता.

यात लबाडी होत नसेल का? होत असणारच. एका घोड्याला शेपटी एकच, ही काय ती राजाची सुरक्षितता.

जे जाहिरातीत नव्हतं

या धंद्याची एक काळी बाजू आहे. मार्को पोलो म्हणतो की तमिळ किनाऱ्यावरचा राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घ्यायचा, त्याचे भाऊही तितकेच घ्यायचे, आणि वर्षअखेर त्यातले शंभरही जिवंत उरायचे नाहीत. कारण घोड्यांची निगा कशी राखायची हे तिथे कोणाला येत नव्हतं. आणि पुढे तो आरोप करतो की व्यापारी मुद्दामच घोड्यांचे वैद्य तिकडे जाऊ देत नसत. घोडे मरण्यातच त्यांचा फायदा होता!

आरोपात अतिशयोक्ती असेल. आपल्याकडे शालिहोत्राची परंपरा होती, नालबंद होते, मोतद्दार होते. पण कोरड्या हवेतल्या जनावराला दमट किनाऱ्यावर, शिजवलेल्या अन्नावर ठेवलं तर ते किती टिकणार? पोलोने भात आणि शिजवलेलं मांस घोड्यांना घालतात असं लिहिलं आहे. खुद्द दख्खनमध्ये हरभरा आणि साखर-तेल घातलेली खिचडी घालत, असं अफनासी निकितिन सांगतो.

हा निकितिन म्हणजे रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७०च्या आसपास तो होर्मुझहून मस्कतमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला गेलात तर वाट वाकडी करून बघा. तिथून तो जुन्नरला गेला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाही तर घोडाही नाही आणि दंडही, अशी अट. खुरासानच्या एका ख्वाजा मुहम्मदाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे तो त्याने वर्षभर पोसून बीदरला विकला. आळंदच्या जत्रेत (गुलबर्ग्याजवळचं आळंद, आपली आळंदी नव्हे) वीस हजार घोडे विकायला येतात असंही त्याने लिहिलं.

निकितिनची खरी तक्रार वेगळीच आहे. हिंदुस्थानात तुमच्या देशाला लागणारा माल मुबलक मिळतो, असं त्याला वाटेत व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या कामाचं फारसं काही मिळालं नाही. फसवलं मला, असं तो चिडून लिहितो. घोडा घेणाऱ्याइतकाच घोडा विकणाराही जाहिरातीला भुलतो!

सकाळी सात ते नऊ

१५०७-०८ साली आफोंसो द अल्बुकर्क ओमानच्या किनाऱ्यावर आला. कुरियात, मस्कत जाळलं, कल्हातही लुटलं. १५१० साली गोवा घेतलं. त्याचा हिशेब साधा होता: होर्मुझचे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत. त्यासाठी त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी लाठी वापरली तशी सवलतही दिली. ठराविक संख्येने घोडे आणणाऱ्या जहाजाला बाकीच्या मालावरची जकात माफ. म्हणजे 'घोडे आणा, खजूर फुकट उतरवा'. आजच्या सेलच्या पाट्या आठवल्या ना?

गोव्याच्या बाजाराचं वर्णन १५८३ ते १५८८ तिथे राहिलेल्या लिन्स्खोतेन नावाच्या डच माणसाने केलं आहे. मुख्य रस्त्यावर सुटीचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ बाजार भरे. शहराने नेमलेले पुकारे करणारे लोक अंगावर सोन्याच्या साखळ्या आणि दागिने लटकवून फिरत, तेही विक्रीलाच. त्यांच्याभोवती अरबी घोडे, मसाले, गालिचे, आणि गुलाम माणसंसुद्धा. हो, घोड्याशेजारी उभी करून माणसं विकली जात. घोड्याच्या चकाकत्या पाठीचं वर्णन वाचताना हे विसरून चालणार नाही.

त्या बाजाराला पोर्तुगीज म्हणत 'लैलांव'. आपला 'लिलाव' तो हाच! बँकेने जप्त केलेल्या फ्लॅटचा लिलाव असो की कांद्याचा, शब्द गोव्याच्या रस्त्यावरून आलेला आहे.

पण पोर्तुगीजांची सगळ्यात परिणामकारक जाहिरात एका वाक्याची होती: 'तुम्ही नाही घेतलेत तर तुमचा शत्रू घेईल.' विजापूर आणि विजयनगर दोघांनाही घोडे हवे होते. १५४७ साली गव्हर्नर जुवांव द काश्त्रूने विजयनगरशी तह केला की गोव्यातले घोडे विजयनगरलाच मिळतील, विजापूरला नाही. घोड्याच्या गुणांचं वर्णन करायची गरजच उरली नाही.

एक दवंडी आणि तिचा शेवट

१५६५ साली तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर कोसळलं. त्यानंतरचा एक प्रसंग चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने नोंदवला आहे. तो १५६७ साली गोव्याहून विजयनगरला गेला तेव्हा त्याच्या सोबत दोन पोर्तुगीज व्यापारी होते, त्यांच्याकडे तीनशे घोडे. कारण रामरायाचा भाऊ तिरुमल याने जाहीर केलं होतं की ज्याच्याकडे घोडे असतील त्याने आणावेत. लढाईत हरवलेले, राजाचा डाग असलेले घोडे असले तरी चालतील. कोणी काही विचारणार नाही, पूर्ण किंमत मिळेल, जाण्यायेण्याचं अभयही मिळेल.

दवंडी म्हणून ही उत्तमच होती. राजाला काय हवं, ते कोणी आणावं, भीती काय आणि ती कशी दूर केली आहे, मोबदला काय, सगळं एका दमात. आणि ती चाललीही. घोडे आले, भरपूर आले. मग तिरुमलाने घोडे ठेवून घेतले आणि व्यापाऱ्यांना एक दमडीही न देता वाटेला लावलं. ते वेड्यासारखे होऊन परतले, असं फेदेरिची लिहितो.

नरसिंहाची शेपटी आणि तिरुमलाची दवंडी या दोन्हींमध्ये पाऊणशे-ऐंशी वर्षांचं अंतर आहे. दवंडीचे शब्द जास्त चांगले होते. पण पहिल्याने मेलेल्या घोड्याचे पैसे दिले आणि दुसऱ्याने जिवंत घोड्याचे बुडवले. मला वाटतं घोड्याच्या काय, कुठल्याच धंद्याच्या जाहिरातीबद्दल याहून अधिक शिकण्यासारखं काही नाही. दवंडी एकदाच चालते. त्यानंतर चालतो तो आधीच्या गिऱ्हाईकाचा किंवा व्यापाऱ्याचा अनुभव. विजयनगरसारखं गिऱ्हाईक गेल्यावर गोव्याच्या घोडेबाजारालाही ओहोटी लागली.

न्यूयॉर्क आणि भेंडीबाजार

ओमानचं पुढचं पर्व भेटीचं आहे. सय्यद सईद या सुलतानाने १८३३ साली अमेरिकेशी तह केला आणि १८४० साली 'सुल्ताना' नावाचं जहाज न्यूयॉर्कला पाठवलं. अहमद बिन नुमान हा त्यावरचा वकील. अध्यक्ष व्हॅन ब्युरेनसाठी नजराणा होता, त्यात दोन अरबी घोडे. पण अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे अध्यक्षाला परक्या राजाची भेट परस्पर घेता येत नाही. प्रकरण काँग्रेसपुढे गेलं आणि घोडे शेवटी... लिलावात विकले गेले! पैसे सरकारी तिजोरीत जमा.

त्याच शतकात मुंबई हा अरबी घोड्यांचा मोठा बाजार झाला. भेंडीबाजाराच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. माल आता मुख्यतः बसरा आणि कुवेतकडून यायचा, मस्कतचा वाटा लहान. गिऱ्हाईक म्हणजे पलटणीतले साहेब आणि संस्थानिक. साहेबाला भोवऱ्यांचं सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे आपल्या लोकांनी गोम काढून नाकारलेला घोडा तो खुशाल घेई. त्याला पटे ती शर्यत. भायखळ्याच्या आणि नंतर महालक्ष्मीच्या मैदानावर जिंकलेला घोडा आपल्या सौदागराची जाहिरात आपोआप करी. घोडामैदान जवळच होतं! पुढे लष्कराला ऑस्ट्रेलियातले 'वेलर' घोडे पसंत पडले, मग मोटारी आल्या, आणि तबेले रिकामे झाले.

दख्खनमध्ये अरबी रक्त मात्र आधीच मिसळून गेलं होतं. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टं, ज्यांच्या पाठीवरून मराठे अटकेपर्यंत गेले, ती आपल्या गावठी घोड्यांत अरबी रक्त मिसळून तयार झाली असं मानतात. ज्या घोड्याचा कारखाना आपल्याला मिळू नये म्हणून इतकी काळजी घेतली गेली, त्याचा एक लहान कारखाना आपण पुणे जिल्ह्यात काढलाच. दिसायला देखणा नसेल, पण मूठभर चंदीवर घाट चढणारा.

ओमानमध्ये आज घोडे परदेशी पाठवायचा तो व्यापार उरलेला नाही. उरली आहे ती 'अरधा'. सणासमारंभाला गावोगावचे घोडेस्वार जमतात. दोन घोडे शेजारी शेजारी भरधाव सुटतात, स्वार खोगिरावर उभे राहतात आणि एकमेकांचे हात धरतात. कधी घोड्याला जमिनीवर निजवूनही दाखवतात. घोडा आणि उंटांची ही अरधा २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. घोडा ऐकतो का, घाबरतो का, पाय कसे टाकतो, माणसावर त्याचा भरवसा किती, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात कळतं. प्रेक्षकांत बसलेले म्हातारे शेतकरी काही न बोलता बघत असतात आणि त्यांचं मत तिथेच ठरतं. नंतर कागदावर बापाचं नाव वाचायचं ते फक्त खात्री करून घ्यायला.